इंग्रजी 'गेट'चं पोर्तुगीज कसं करावं

पोर्तुगीज शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता असतो. डावीकडे इंग्रजी 'गेट'चे (फाटकाचा गेट नव्हे, 'get' हे क्रियापद) पंधरा-वीस अर्थ, उजवीकडे तेवढीच पोर्तुगीज क्रियापदं, आणि खाली ठळक अक्षरांत 'पाठ करा'. तो तक्ता फाडून टाका. या क्रियापदाला स्वतःचा अर्थ फारसा नाहीच, पुढे जो शब्द येईल त्याच्या जोरावर ते चालतं. तक्ता पाठ केलेला माणूस ऐन वेळी यादीतला पहिला शब्द उचलतो. तो बहुतेकदा 'ओब्तेर' असतो, आणि मग भाषांतरातला माणूस कॉफीसुद्धा सरकारी अर्ज केल्यासारखी 'प्राप्त' करतो.

(पोर्तुगीज शब्दांचे उच्चार साधारण लिस्बनच्या धाटणीचे, देवनागरीत बसतील तसे दिले आहेत.)

आधी देश विचारा

मजकूर पोर्तुगालसाठी आहे की ब्राझीलसाठी, हे ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नका. बस पकडायची तर पोर्तुगालमध्ये 'आपान्यार', ब्राझीलमध्ये 'पेगार'. ब्राझीलमध्ये नुसतं 'आपान्यार' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा मार खाणंच येतं. 'मला कळलं' या अर्थाच्या 'गेट'ला पोर्तुगालमध्ये 'पर्सेबेर' बसतं. ब्राझीलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ 'ध्यानात येणं' असा होतो, तिथे 'एन्तेन्देर' लागतं. गोव्यातून लिस्बनच्या नोंदणी कचेरीला पत्रं जातात, ती अर्थातच पोर्तुगालच्या वळणाची हवीत. तिथे मात्र ओब्तेर शोभतं, कारण दाखला खरोखरच 'प्राप्त' करायचा असतो. पण अजून मागायचाच असेल तर 'पदीर' किंवा 'रकरेर' लिहा. इंग्रजी मसुद्यात दोन्हीकडे 'गेट'च असतं.

मग वाक्य मराठीत म्हणा

इंग्रजीतून थेट पोर्तुगीजमध्ये उडी मारू नका. मध्ये मराठीवर थांबा, अर्धं काम तिथेच होतं. इंग्रजी जिथे एकाच शब्दावर भागवते, तिथे आपण मिळणं, मिळवणं, आणणं, पोचणं, कळणं, लागणं, होणं असे वेगवेगळे शब्द कसलाही विचार न करता वापरतो. पत्र मिळालं: रसेबेर. नोकरी मिळवली: कोंसगीर, किंवा बोलताना आरांझार. कोंसगीरमध्ये 'जमवली, साधली' ही छटा आहे, म्हणून आपोआप आलेल्या पत्राला ते चालत नाही. दुकानातून दूध आण: ईर बुशकार. घरी पोचलो: शगार. उठणं, चढणं, उतरणं यांना सरळ स्वतंत्र क्रियापदं आहेत, त्यांत अडण्यासारखं काही नाही.

पगार मिळाला, यालाही रसेबेरच. आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीज 'पागार'वरून आला, पण पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे: पैसे देणं. हातात पडतो तो 'सालारियु' किंवा 'ऑर्दनादु'. गोव्याकडची मुलं इथे हमखास फसतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो.

कर्मणी प्रयोगाच्या वाक्यांतही मराठी कामी येते. 'माझं पाकीट मारलं' म्हणताना कोणी मारलं हे आपण सांगत नाही. पोर्तुगीजही कर्ता गाळून अनेकवचनी क्रियापद वापरतं: 'रोबारांव-म आ कार्तेइरा'. आणि 'गाडी दुरुस्त करून घेतली' यातलं 'करून घेणं' म्हणजे 'मान्दार'. पोर्तुगालमध्ये 'मान्दार आरांझार', ब्राझीलमध्ये 'मान्दार कोंसेर्तार'. हो, नोकरी मिळवायला वापरलं तेच आरांझार इथे दुरुस्तीला आलं. म्हणून तर तक्ता फाडायला सांगितला.

आता खरी अडचण: 'होणं'

मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो याच जागेने. आजारी होणं, श्रीमंत होणं, उशीर होणं, आई होणं, डॉक्टर होणं. इंग्रजीत यांतल्या बहुतेक ठिकाणी 'गेट' किंवा त्याचा भाऊ 'बिकम' येतो. पोर्तुगीजमध्ये इथे तीन वाटा फुटतात: फिकार, तोर्नार-स, किंवा पूर्ण वेगळं एकच क्रियापद.

सगळीकडे मिळणारा सल्ला असा: बदल तात्पुरता असेल तर फिकार, कायमचा असेल तर तोर्नार-स. हा सल्ला चुकीचा आहे, आणि सोपा असल्यामुळे टिकून आहे. माणूस आंधळा झाला, बाई विधवा झाली, यांत तात्पुरतं काय आहे? तरी पोर्तुगीज माणूस सहज 'फिको सेगु', 'फिको व्ह्यूव्हा' म्हणतो. काळाची कसोटी इथे लागूच पडत नाही.

कसोटी अशी: काहीतरी घडलं आणि त्यानंतर माणूस ज्या अवस्थेत उरला, ती सांगायची असेल तर फिकार. त्याची ओळखच बदलली, तो पूर्वी जो नव्हता तो झाला, असं सांगायचं असेल तर तोर्नार-स. फिकारचा मूळ अर्थच 'राहणं, उरणं' असा आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये, कारण आपण 'ती गरोदर राहिली' म्हणतो. पोर्तुगीज नेमकं हेच म्हणतं: 'फिको ग्राव्हिदा'. 'मी बघतच राहिलो' यातलं 'राहिलो' डोक्यात ठेवा, फिकार अर्धं समजलं.

व्यवहारात याचा ढोबळ नियम निघतो. पुढे विशेषण असेल तर आधी फिकार लावून बघा: दुएन्त (आजारी), झांगादु (रागावलेला), त्रिश्त (दुःखी), रिकु (श्रीमंत). पुढे पद, पेशा किंवा दर्जा सांगणारं नाम असेल तर तोर्नार-स. ती डॉक्टर झाली, तोर्नार-स. 30 मे 1987 रोजी गोवा घटकराज्य झालं, तोर्नार-स. अंगोला आणि मोझांबिक 1975 साली स्वतंत्र झाले. 'स्वतंत्र' विशेषण असूनही इथे तोर्नार-सच जास्त शोभतं, कारण देशाची ओळख बदलली. उलट 'ते मित्र झाले' यात नाम असूनही 'फिकारांव आमीगुश' अगदी सहज आहे. नियम ढोबळ म्हटला तो एवढ्यासाठी. ब्राझीलमध्ये बोलताना तोर्नार-सच्या जागी बऱ्याचदा 'व्हिरार' येतं. ते कथेतल्या संवादात घाला, करारनाम्यात नको.

भूक लागली, झोप आली, भीती वाटली, ताप आला. मराठीत तीन क्रियापदं, पोर्तुगीजमध्ये एकच साचा: 'फिकार कों' ('कों' म्हणजे 'सह') आणि पुढे नाम. फिकार कों फोम, कों सोनु, कों मेदु, कों फेब्र. इथे खूश होऊन थांबू नका, कारण याच साच्यात सर्वांत वाईट सापळा आहे. पुढे भावना किंवा दुखणं नसून हातात धरायची वस्तू आली, तर अर्थ 'स्वतःकडे ठेवून घेणं' असा होतो. 'फीक कों ऊ त्रोकु' म्हणजे 'सुटे पैसे राहू देत तुमच्याकडे'. त्यामुळे 'त्याला पुस्तक मिळालं' याचं भाषांतर 'फिको कों ऊ लीव्रु' केलंत, तर त्याने पुस्तक ठेवून घेतलं असं वाचलं जाईल. आणि पुढे माणूस आला तर ब्राझीलच्या तरुणांच्या बोलीत तो घटकाभराचा प्रेमप्रसंग होतो. ऑफिसच्या पत्रात हे परवडणार नाही.

तिसऱ्या वाटेकडे भाषांतरकार बघतच नाहीत, आणि मला त्याचाच सर्वांत जास्त राग येतो. म्हातारं होणं: एन्व्हल्यसेर. अंधार पडणं: आनोइतसेर. बारीक होणं: इमाग्रसेर. जाड होणं: एन्गोर्दार. सुधारणं: मल्योरार. बिघडणं: पिओरार. प्रत्येक ठिकाणी फिकार आणि विशेषण लावता येतं, व्याकरण चुकत नाही, पण पानभर तसंच लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे इंग्रजीतून आलंय. एकच क्रियापद मिळत असेल तर ते घ्या. आजाऱ्याला पाठवायच्या कार्डावर तर क्रियापदच नको: 'आश मल्योराश!' (लवकर बरे व्हा) एवढंच.

लग्न होणं, हरवणं, भिजणं यांना 'स' लावलेली क्रियापदं आहेत: काझार-स, पर्देर-स, मुल्यार-स. आणि 'उशीर होतोय' याला पोर्तुगालमध्ये 'श्ता आ फिकार तार्द', ब्राझीलमध्ये 'एस्ता फिकांदु'. हे दोन साचे एकाच पानावर एकत्र आले, तर सुरुवातीला विचारलेला देश फुकट गेला.

पाठवण्याआधी

फाइलमध्ये ओब्तेर शोधा. दाखला, परवानगी, निकाल, मंजुरी यांच्याशेजारी असेल तर राहू द्या, बाकी ठिकाणी बदला. मग फिकार कों शोधा आणि पुढे वस्तू किंवा माणूस आलाय का ते बघा. शंका असलेला शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून पोर्तुगीज वर्तमानपत्रांत शोधा. तिथे तो दिसला नाही, तर तुमच्या कानाला कितीही गोड वाटला तरी काढून टाका.