लाल मारुती 800 पांढुरकी पडलीय? रबिंगला हात घालण्याआधी या चुका टाळा

दसऱ्याला आठवडा होता. वडिलांची लाल मारुती 800 रबिंगला, म्हणजे पॉलिशने घासून चमकवायला घेतली आणि पाचव्या मिनिटाला हातातला पांढरा फडका लालभडक. रंगच निघतोय म्हणून घाबरलो आणि काम अर्धवट सोडलं. बॉनेटचा एक चौकोन लालचुटुक आणि बाकी सगळं विटकरी, अशी गाडी दोन दिवस सोसायटीत उभी होती. फडका लाल होणं ही चांगली खूण होती, हे मला नंतर कळलं.

त्या काळच्या लाल-पांढऱ्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांवर रंगाचा थर एकच असतो, वर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर नसतो. उन्हाने वरचा पापुद्रा मरतो, त्यातलं रंगद्रव्य सुटं होतं आणि हात फिरवला की खडूसारखी पूड बोटाला लागते. फडक्यावर येतो तो हाच मेलेला रंग, खाली ताजा असतो. मेटॅलिक गाडीचं उलट असतं. तिच्यावर क्लिअर कोट असतो, त्यामुळे फडका रंगायला नको. रंगलाच, तर तिथला क्लिअर कोट संपला, थांबा.

म्हणून आधी डिकीच्या खालच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन घासून बघा. हे प्रत्येक पत्र्यावर वेगळं करा. वीस वर्षांच्या गाडीचा एखादा दरवाजा किंवा मडगार्ड कधीतरी ठोकून नव्याने रंगवलेला असतोच, आणि तिथला रंग वेगळ्या जातीचा निघतो. मूळ रंग किती गडद होता ते दरवाजा उघडून आतल्या चौकटीवर दिसेल.

आणखी एक फसवणूक पाण्याची. ओला हात फिरवला की टप एकदम नव्यासारखा दिसतो आणि आपण खूश होतो. पाणी सुकलं की पुन्हा राख. सेकंडहँड गाडी विकणारे काही जण डिझेलचा फडका मारतात तो याच हिशोबाने. टपावर नकाशासारखे पांढरे डाग असतील आणि त्यांची कड नखाला लागत असेल, तर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटलेत. त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही. तेवढा पत्रा घासून पुन्हा रंगवणं एवढाच मार्ग आहे, आणि रबिंगचे पैसे तिथे घालू नयेत.

आता धुणं. लोक इथेच घाई करतात. धुळीच्या गाडीवर कोरडा फडका म्हणजे पॉलिश पेपरच. आधी नुसत्या पाण्याने माती उतरवा, मग शॅम्पू, आणि फडका पिळायला वेगळी बादली ठेवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर गाडी सावलीत लावून पातळ केलेलं व्हिनेगर त्यावर फिरवा आणि लगेच धुवून टाका. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून फिरवली की उरलेली कचकच कळते. ती क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ गोळ्याने निघते, पण साबणाचं पाणी मारत राहायचं. क्लेचा गोळा खाली पडला तर मोह न करता फेकून द्या.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक मशीनची. भाड्याने आणलेलं गोल फिरणारं बफिंग मशीन, वर लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड (रंग खरवडणारी खरखरीत पेस्ट), असा थाट होता. बॉनेटच्या कडेला धार येते, तिथे दोन सेकंद जास्त टेकवलं आणि करडा प्रायमर डोळे वटारून बघायला लागला. धारेवर रंग मुळात पातळ बसतो. क्लिअर कोट तर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. कंपाउंड चमक देतं ते थर खरवडूनच, आणि खरवडलेलं परत येत नाही. त्यामुळे कडांना आधी मास्किंग टेप लावा आणि नवशिक्याने डीए (ड्युअल अ‍ॅक्शन), म्हणजे फिरता फिरता डोलणारं सौम्य मशीनच घ्यावं. सुरुवात बारीक पॉलिशने करायची. त्याने भागलं नाही तरच कंपाउंड. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन, गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. लाल गाडीत पॅड लवकर भरतं, ते ब्रशने सारखं झाडत राहा.

काम झाल्यावर रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गोल गोल रेघा दिसतात? कंपाउंडनंतर मऊ फोमवर बारीक पॉलिश मारायचं राहिलं. दोन-तीन महिन्यांत पुन्हा पांढुरकं? वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखंच, पण कृत्रिम संरक्षक लेपन) लावलं नाही. उघडा पडलेला एकथरी रंग उन्हात लवकर मरतो. वॅक्स काही आठवड्यांत उतरतं, सीलंट काही महिने टिकतं, आणि गाडी उन्हात उभी राहणारी असेल तर हे चक्र चुकत नाही. काळ्या बंपरवर पांढरे ओघळ आले असतील तर तिथे टेप लावली नव्हती. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसा.

टूथपेस्ट, खोबरेल, रॉकेल यांवर वेळ घालवू नका. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर बसणाऱ्या कडक पारदर्शक थराचा आग्रह झाला तर एवढंच बघा, की आधी पॉलिश करून देणार आहेत का. नाहीतर पांढुरकेपणावरच झाकण बसेल.

आणि दसरा. मेहनतीने उजळवलेल्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून ते उन्हात तसंच राहू देतात, मग डाग बसतो. पूजा झाली की तासाभरात ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. झेंडूच्या हाराची तारही आधी बघा. आमच्या गाडीला हार आता सुतळीने बांधतात, कारण तारेचा एक ओरखडा अजून नंबर प्लेटच्या वर आहे.