प्रोग्रॅममधला मराठी मजकूर: कुठे मोडतो, का मोडतो आणि कसा सांभाळायचा

यादी वर्णानुक्रमे लावली की 'ॲड.' लावलेले सगळे वकील 'ह'च्याही खाली जातात. 'दुसऱ्या' शोधलं तर निम्म्याच नोंदी सापडतात. एक्सेलमधून फिरून आलेल्या फाइलमध्ये 'ठाणे'तला 'ठ' गायब असतो. या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं: मजकूर आत घेताना तो कोणत्या रूपात ठेवायचा हे कोणी ठरवलेलंच नसतं. चाचणीसाठी इंग्रजी नावं टाकलेली असतात आणि मराठी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेली असते. ती पहिल्या आठवड्यात घ्या. लाखभर नोंदी तीन रूपांत साठल्यावर साफसफाई करणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम होतं.

लांबी तीन प्रकारे मोजली जाते

'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) हिशेबात ती दहा चिन्हं आहेत, कारण ज, हलंत, ञ, काना असं प्रत्येक वेगळं मोजलं जातं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून डिस्कवर तीस बाइट. पायथन आणि जावास्क्रिप्ट लांबी विचारल्यावर १० सांगतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमधला व्हारचार (मजकुराच्या रकान्याचा प्रकार) चिन्हं मोजतो, पण ऑरॅकलचा व्हारचार२ मुळात बाइट मोजतो. तिथे २० लिहिलं की 'ज्ञानेश्वर' मावतच नाही. तक्त्यात 'CHAR' हा शब्द जोडून चिन्हांची मर्यादा द्या.

एसक्यूएल सर्व्हरवर वेगळाच सापळा आहे. रकाना एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) असला तरी क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराआधी 'एन' हे अक्षर नसेल, तर नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकूर साठवण्या-लावण्याच्या नियमांत) मराठीची प्रश्नचिन्हं होऊन साठतात. ती परत मिळत नाहीत, कारण मूळ बाइट शिल्लकच राहिलेले नसतात. पॅरामीटर वापरून क्वेरी लिहिली आणि पॅरामीटरचा प्रकारही एनव्हारचार ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही.

मजकूर छोटा करून दाखवायचा असेल तर चिन्हं मोजून कापू नका. 'ज्ञानेश्वर' आठव्या चिन्हावर कापलं की 'ज्ञानेश्' असा लोंबता हलंत उरतो, आणि बाइटवर कापलं तर शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटर वापरा, इतरत्र आयसीयूचा (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीचा) ब्रेक इटरेटर. त्यातही आवृत्ती बघा. युनिकोड १५.१ (२०२३) येईपर्यंत नियम जोडाक्षर हलंतापाशी तोडत होते, त्यामुळे जुन्या लायब्ररीत याच नावाचे सहा तुकडे होतात आणि नव्या लायब्ररीत चार.

एसएमएस पाठवत असाल तर आणखी एक हिशेब लागतो. रोमन संदेश १६० चिन्हांचा असतो. एक जरी देवनागरी चिन्ह आलं की मर्यादा ७० होते, आणि लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. खर्चाचा अंदाज बांधताना मराठी मजकुराची चिन्हं मोजा, दिसणारी अक्षरं नव्हे.

'ऱ्य' आणि 'ॲ': दिसतात एक, साठतात वेगवेगळे

मराठीतला सगळ्यात त्रासदायक भाग हाच, आणि हिंदीवर तपासलेल्या लायब्ररीत तो सापडणारच नाही.

'दुसऱ्या' मधला र लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात ऱ (युनिकोड ०९३१), हलंत, य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारा जोडक (२००डी), मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता येईल ते कळफलकावर ठरतं, म्हणून एकाच तक्त्यात दोन्ही असतात आणि शोध अर्धवट चालतो. त्यावर उपाय म्हणून कोणी तरी 'न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका' अशी एक ओळ लिहितो, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र करणारी ही ओळ साफसफाईच्या तयार कोडमध्ये सर्रास असते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ती आहे का ते आजच शोधा.

'ॲ' चं तसंच. ०९७२ हे त्याचं स्वतंत्र चिन्ह युनिकोड ५.१ मध्ये, म्हणजे २००८ साली आलं. त्याआधीचा बराच मजकूर 'अ' वर चंद्र (०९०५ आणि ०९४५) अशा दोन चिन्हांत आहे, आणि काही जण 'ऍ' (०९०डी) टाइप करतात. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सुटी चिन्हं जोडून एका ठरावीक रूपात आणणं, यातलं काहीच एक करत नाही. एनएफसी चालवलं म्हणजे काम झालं, हा समज इथेच मोडतो.

म्हणून मजकूर जिथून आत येतो तिथे, एकाच फंक्शनमध्ये, याच क्रमाने हे करा:

१. यूटीएफ-८ कडकपणे वाचा. चूक आली तर फाइल परत पाठवा. 'चुका दुर्लक्षित करा' हा पर्याय कधीही देऊ नका.
२. एनएफसी चालवा. र आणि खालचा नुक्ता असा आलेला ऱ यातच एक होतो.
३. र, हलंत आणि जोडक हे तीन एकापाठोपाठ आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलंत ठेवा.
४. अ + चंद्र म्हणजे ॲ, आ + चंद्र म्हणजे ऑ, अ + काना म्हणजे आ, असे बदल करा.
५. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये अडकलेला अपूर्णविराम विसर्ग (०९०३) करा. 'दु:ख' असं टाइप करणारे खूप आहेत. शब्दाच्या शेवटचा, 'नाव:' मधला, मात्र तसाच राहू द्या.

याहून जास्त काही करू नका. उरलेले जोडक आणि विभाजक (जोडाक्षर होऊ न देणारी न दिसणारी चिन्हं) कोणी तरी मुद्दाम टाकलेले असू शकतात. माणसाने स्वतःचं नाव जसं लिहिलं तसंच ते त्याच्या पावतीवर छापलं गेलं पाहिजे.

शोधासाठी दुसरा रकाना ठेवा आणि सैलपणा तिथे येऊ द्या. त्यात ऍ चा ॲ करा, देवनागरी अंकांचे रोमन अंक करा, उरलेले जोडक काढा, नुक्ते काढा. नुक्ते काढताना मजकूर एनएफसीतच असू द्या. एनएफडीत, म्हणजे चिन्हं सुटी करणाऱ्या रूपात, ऱ फुटून र आणि नुक्ता झालेला असतो आणि तोही पुसला जातो. पण्डित आणि पंडित एक करायचे असतील तर अनुनासिकाचा हलंत त्याच वर्गातल्या पहिल्या चार व्यंजनांपैकी एकाआधी असेल तेव्हाच त्याचा अनुस्वार करा. सरसकट बदल केला तर 'अन्न' आणि 'जन्म' बिघडतात. वापरणाऱ्याने टाइप केलेला शब्दही याच फंक्शनमधून गेला पाहिजे, नाही तर दोन्ही बाजू जुळणार नाहीत.

शब्द ओळखणं आणि क्रम लावणं

पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधण्याच्या सोयीत) 'शब्दातलं चिन्ह' या गटात काना-मात्रा येत नाहीत. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे मिळतात, मात्रा वाऱ्यावर. जावास्क्रिप्टमध्ये तर तो गट फक्त रोमन आहे. नावाच्या रकान्यात 'फक्त अक्षरं चालतील' अशी तपासणी लावली की मराठी नाव नाकारलं जातं ते यामुळेच. युनिकोडचे लेटर, मार्क आणि नंबर हे तिन्ही गट एकत्र घ्या आणि त्यात जोडक व विभाजक जोडा.

आकड्यांचंही लक्षात ठेवा: पायथन '१२३' ला मुकाट्याने पूर्णांक करतो, जावास्क्रिप्ट 'अंक नाही' म्हणतं. एकच फॉर्म दोन्हीकडे तपासला जात असेल तर आधी अंक बदलून घ्या.

क्रमासाठी युनिकोडचे क्रमांक निरुपयोगी आहेत. तिथे ळ हा ल आणि व च्या मध्ये आहे, क्ष 'क' मध्ये मोडतो, ज्ञ 'ज' मध्ये, आणि ॲ चा क्रमांक ह च्या नंतरचा. मराठी वाचक ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर शोधतो: आधी काशीद, मग काळे, आणि क्षीरसागर पार शेवटाकडे. आयसीयूचं मराठी कोलेशन हाच क्रम लावतं. पोस्टग्रेसमध्ये ते 'एमआर-एक्स-आयसीयू' नावाने मिळतं. जावास्क्रिप्टमध्ये लोकेलकंपेअरला भाषा 'एमआर' द्या. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) १३ च्या आधीचा असेल तर त्यात सहसा फक्त इंग्रजीचा डेटा असतो आणि तो काही न बोलता चुकीचा क्रम देतो. मायएसक्यूएलमध्ये मराठीचं वेगळं कोलेशन नाही. तिथे प्रोग्रॅममध्ये आयसीयूने क्रमकळ (क्रम लावण्यासाठीची बाइटांची कळ) बनवून बायनरी रकान्यात ठेवा आणि त्यावर इंडेक्स घ्या. आयसीयूची आवृत्ती बदलली की ही कळ आणि पोस्टग्रेसचे इंडेक्स दोन्ही नव्याने बांधावे लागतात. हे तैनातीच्या यादीत लिहून ठेवा.

एक्सेलमध्ये फुटलेली फाइल

सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये असली तरी विंडोजवर डबल-क्लिक केल्यावर एक्सेल ती बहुधा विंडोज-१२५२ (रोमनसाठीची जुनी, एका चिन्हाला एक बाइट देणारी पद्धत) समजून उघडतं. प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी तीन रोमन चिन्हं दिसतात आणि पहिलं नेहमी डोक्यावर रेघ असलेला 'ए' (à). फाइल तुम्ही तयार करत असाल तर सुरुवातीला बीओएम (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी खूण) लिहा; पायथनमध्ये एन्कोडिंगचं नाव 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या. दुसऱ्याने पाठवलेली असेल तर एक्सेलच्या डेटा टॅबमधून मजकूर फाइल म्हणून आणा आणि ६५००१ (यूटीएफ-८ चा क्रमांक) निवडा.

तशीच जतन होऊन आलेली फाइल दुरुस्त होते, पण आंधळेपणाने नाही. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच बाइट रिकामे आहेत. मराठीत ८१ ने ह्रस्व उकार संपतो, ८डी ने हलंत, ८एफ ने ए, ९० ने ऐ आणि ९डी ने झ. मजकूर पुन्हा १२५२ मध्ये बदलताना पायथन पहिल्याच हलंतापाशी थांबतो, आणि 'दुर्लक्षित करा' म्हटलं तर सगळी जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून या पाचांची जोडी हाताने लावा: त्याच क्रमांकाचं नियंत्रणचिन्ह दिसलं की तोच बाइट.

'ठ' चं कारण आणखी बारीक आहे. त्याचा शेवटचा बाइट ए०, म्हणजे १२५२ मधली न तुटणारी मोकळी जागा. वाटेत कोणत्या तरी साधनाने जागा साफ केल्या की तिची साधी जागा होते किंवा ती उडतेच. दुरुस्त करताना ई० आणि ए४ या दोन बाइटांनंतर लगेच साधी जागा किंवा मजकुराचा शेवट आला, तर तिथे 'ठ' होता असं समजून ए० परत घाला. देवनागरीच्या या पट्ट्यात दुसरं कोणतंही चिन्ह तिथे बसत नाही.

श्रीलिपी किंवा कृतीदेवमधला जुना मजकूर हा वेगळा आजार. तिथे फॉन्ट काढला की रोमन अक्षरं उरतात. त्या नेमक्या फॉन्टचाच परिवर्तक वापरा, आणि नंतर दोन जागा तपासा: ह्रस्व वेलांटी संपूर्ण जोडाक्षरानंतर गेली का, आणि रफार जोडाक्षराच्या आधी आला का.

पडदा आणि पीडीएफ

पानाच्या मुळाशी भाषा 'एमआर' लिहा. नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट त्यावरून ल आणि श यांची मराठी वळणं देतात. 'एचआय' लिहिलं की हिंदी वळणं येतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळीची उंची १.६ च्या आसपास हवी, नाही तर 'कीर्ती' वरचा रफार बटणात कापला जातो.

पीडीएफ किंवा चित्र बनवताना लायब्ररी अक्षरजोडणी करते का ते आधी बघा. पायथनच्या पिलोला (चित्रं बनवणाऱ्या लायब्ररीला) राक्यूएम ही अक्षरजोडणीची लायब्ररी नसेल तर 'शिल्पा' मधली वेलांटी श नंतर पडते आणि ल चा हलंत सुटा दिसतो. मराठी पावत्यांसाठी ब्राउझरमधून, म्हणजे हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोममधून, पीडीएफ काढणं हा माझ्या मते सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. ते थोडं जड आहे, पण अक्षरं मोडत नाहीत.

चाचणीची नावं

ही नावं चाचणीच्या डेटात कायमची ठेवा: ज्ञानेश्वर (लांबी आणि कापणी), दऱ्या व दर्या (एक शोधल्यावर दुसरं येता कामा नये), ॲड. व ऍड. (दोन्ही एकत्र आले पाहिजेत), काशीद, काळे, क्षीरसागर (क्रम), ठाणे, ऐरोली, झुंजार (एक्सेलची फेरी), शिल्पा आणि कीर्ती (छपाई). 'दऱ्या' दोन्ही प्रकारांनी टाका, आणि जोडकाचा प्रकार कोडमध्ये क्रमांकाने लिहा. नुसता चिकटवला तर एखादा एडिटर तो बदलून टाकतो आणि चाचणी खोटीच हिरवी दिसते. यादी फॉर्ममधून, फाइल आयातीतून आणि मोबाइल ॲपमधून, तिन्ही वाटांनी आत घाला. बहुतेक वेळा पहिल्या दोन वाटा ठीक निघतात आणि तिसरी वाट वेगळ्या सर्व्हरवरून थेट डेटाबेसमध्ये लिहिताना सापडते.