आरसी बोटीच्या हलमध्ये हार्डवेअर बसवताना: काय चिकटवावे आणि काय फक्त सील करावे

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या बोटीच्या हलला, म्हणजे तिच्या बाहेरच्या कवचाला, पाण्याखाली किंवा पाण्याच्या पातळीजवळ काही भोके पाडावीच लागतात. प्रोपेलरचा शाफ्ट ज्यातून जातो ती स्टफिंग ट्यूब, रडरच्या (सुकाणूच्या) ब्रॅकेटचे बोल्ट, मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट आणि सर्व्होकडून (रडर वळवणारी छोटी मोटर) रडरकडे जाणारा पुशरॉड (जोडसळई) ही त्यांपैकी नेहमीची. यातल्या प्रत्येक ठिकाणी कामे दोन असतात: तो भाग जागचा हलू नये इतका घट्ट धरायचा आणि त्याच्या कडेने पाणी आत येऊ द्यायचे नाही. एकाच ट्यूबमधल्या एकाच पदार्थाने दोन्ही कामे उरकून टाकण्याचा मोह होतो, आणि बोट गळू लागते ती पुष्कळदा त्यामुळेच. म्हणून काही मिसळायला घेण्यापूर्वी प्रत्येक भागाविषयी एक गोष्ट ठरवून टाकावी, ती म्हणजे हा भाग पुढे कधी काढावा लागणार आहे की नाही. जो भाग हल टिकेल तोवर तिथेच राहायचा आहे तो इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळून करायच्या गोंदाने) कायमचा जोडावा. जो वाकेल, झिजेल किंवा ज्याचा कोन बदलावा लागेल तो नट-बोल्टने धरावा आणि त्याच्याखाली केवळ सील द्यावे.

हल कशाचा आहे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. फायबरग्लासच्या हलला बाहेरून जेलकोटचा गुळगुळीत थर असतो आणि साच्यातून हल सुटावा म्हणून लावलेल्या मेणाचा अंश त्यावर राहिलेला असू शकतो. आतली बाजू खरबरीत दिसते, पण रेझिनचा वरचा चकचकीत थर तिथेही असतोच आणि त्यावर टाकलेले इपॉक्सी नखाने उचलले तरी पापुद्र्यासारखे सुटते. त्यामुळे जोड येणार ती जागा आधी अल्कोहोलने पुसावी, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासावी आणि धूळ झटकून पुन्हा पुसावी. आधी पुसणे महत्त्वाचे, कारण न पुसता घासल्यास मेण ओरखड्यांत आणखी खोल दाबले जाते. फायबरग्लासची धूळ फुफ्फुसाला आणि त्वचेला वाईट असल्यामुळे मास्क आणि हातमोजे घालूनच हे काम करावे. एबीएस प्लास्टिकच्या हलवर ॲसिटोन किंवा थिनर वापरू नये, कारण ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळते. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. एबीएसवर इपॉक्सी धरते खरे, पण धक्का बसला की सुटण्याची भीती राहते, म्हणून अशा हलसाठी मिथाक्रिलेट जातीचा गोंद अधिक भरवशाचा. एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशीही लहान फटी भरायला उत्तम, फक्त ती पातळ हलवर एका वेळी जाड थरात भरू नये, नाहीतर खालचे प्लास्टिक मऊ होऊन पृष्ठभाग वाकडा होतो. लाकडी हलमध्ये चिकटण्याची अडचण नसते. तिथे शत्रू आहे तो भोकाच्या कडेतून लाकडात मुरणारे पाणी.

प्लास्टिकच्या काही जाती कशालाच धरत नाहीत. नायलॉन, ॲसिटाल, पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन आणि टेफ्लॉन यांचे भाग नुसते चिकटवून बसवण्याचा प्रयत्न करू नये, त्यांना बोल्टच लागतो. ही अडचण एरवी उपयोगीही पडते, कारण इपॉक्सी पॉलिथिनला चिकटत नसल्याने दाब देण्यासाठी किंवा पृष्ठभाग सपाट राखण्यासाठी पॉलिथिनचा कागद मध्ये घालता येतो.

गोंदांपैकी पाच मिनिटांचे इपॉक्सी सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुकीच्या जागी वापरले जाते. ते ठिसूळ असते आणि सतत पाण्यात राहणाऱ्या जोडात सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीइतके टिकत नाही. भाग जागेवर टाचून ठेवण्यासाठी ते वापरावे. भार घेणारा जोड मात्र तीस मिनिटांचे किंवा त्याहून सावकाश वाळणारे इपॉक्सी घेऊनच करावा. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेले असेल तेच ठेवावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवल्यास मिश्रण कायमचे मऊ आणि चिकट राहते. सुपरग्लूही टाचण्यापुरताच, कारण त्याचा जोड धक्क्याने आणि कंपनाने तडकतो.

सिलिकॉनची गोष्ट वेगळी. ते उत्तम सील आहे, पण गोंद म्हणून कमकुवत, आणि एकदा ते हलला लागले की त्या जागी पुढे इपॉक्सीही धरत नाही आणि रंगही. त्यामुळे क्रम पाळावा: आधी सगळी इपॉक्सीची कामे, मग रंग, आणि सिलिकॉनची नळी अगदी शेवटी उघडावी. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते, आणि बंद हलमध्ये ते रिसीव्हर व स्पीड कंट्रोलरच्या तांब्याला खाते. म्हणून न्यूट्रल क्युअर लिहिलेले सिलिकॉनच घ्यावे. हवेतल्या ओलाव्यामुळे ते वरून आत वाळत जाते आणि साधारण २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच पोचते, तेव्हा जाड थर लावून रात्रीत बोट पाण्यात टाकण्याची घाई करू नये.

स्टफिंग ट्यूब

सर्वांत जास्त वेळ घ्यावा तो इथे. ट्यूब हलमधून तिरकी बाहेर पडते, म्हणून लागणारे भोक गोल नसून लांबट असते. चिकटपट्टी लावून त्यावर खूण करावी, ओळीने लहान भोके पाडून ती जोडावीत आणि गोल कानशीने हळूहळू वाढवत न्यावीत. जेलकोटवर ड्रिल नेहमी बाहेरून आत चालवावे, म्हणजे कपच्या उडत नाहीत. ट्यूबभोवती साधारण एक मिलिमीटर फट राहावी. अगदी घट्ट भोक चांगले वाटते, पण त्यात इपॉक्सीला शिरायला जागा उरत नाही आणि मोटरशी रेषा जुळवताना ट्यूब हलवताही येत नाही.

ट्यूब पितळेची असल्यास जोड येणारा भाग १२० नंबरच्या पेपरने आडवा घासून पितळ उजळ करावे, अल्कोहोलने पुसावे आणि नंतर त्या भागाला बोट लावू नये. ट्यूबला काही सोल्डरचा डाग द्यायचा किंवा ती वाकवायची असेल तर ते आधीच उरकावे, कारण जोडल्यावर दिलेली उष्णता पितळेतून थेट इपॉक्सीत जाते. दोन्ही तोंडे चिकटपट्टीने बंद करावीत, फक्त शाफ्ट बाहेर येण्यापुरती जागा ठेवावी, म्हणजे इपॉक्सी आत ओघळत नाही. ग्रीस या टप्प्यावर अजिबात वापरू नये. ट्यूबचे आतले टोक बोट पाण्यात भरल्या वजनाने तरंगत असताना पाण्याच्या पातळीच्या वर येईल अशी रचना साधली, तर बोट उभी असताना शाफ्टच्या कडेने गळती होण्याचा प्रश्नच मिटतो.

यानंतर शाफ्ट ट्यूबमध्ये घालून मोटर तिच्या माउंटवर बसवावी, आणि मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या नेहमीच्या लवचीक कपलिंगऐवजी दोन्ही शाफ्टवर बरोबर बसेल असा नळीचा सरळ तुकडा चढवावा. लवचीक कपलिंग चुकीची रेषा लपवते. सरळ तुकडा ती लगेच दाखवतो. प्रोपेलरच्या बाजूने शाफ्ट दोन बोटांनी फिरवून पाहावा. पूर्ण फेऱ्यात कुठेही जड लागता कामा नये. तो हलका फिरू लागला की आतल्या बाजूने दोन ठिकाणी पाच मिनिटांच्या इपॉक्सीने टाचावे, आणि ते घट्ट झाल्यावर शाफ्ट पुन्हा फिरवून पाहावा. टाचताना रेषा सरकलेली असेल तर ती आत्ताच सोडवता येते, भरल्यानंतर नाही.

मग बाहेरून फटीवर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि हल अशा तऱ्हेने टेकवावा की जोडाचा खळगा वरच्या दिशेला येईल. सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीत सिलिका किंवा बारीक कापलेले काचतंतू मिसळून त्याला काडीवर उचलल्यावर ओघळणार नाही इतके दाट करावे. सूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी हलकी असते आणि घासायला सोपी, पण तिने जोड कमजोर होतो, म्हणून ती बाहेरची पुटी करण्यापुरतीच ठेवावी. दाट मिश्रण भरण्याआधी त्याच इपॉक्सीचा न घट्ट केलेला एक पातळ हात पितळेवर आणि हलवर ब्रशने द्यावा, म्हणजे बारीक ओरखड्यांतही ते शिरते. नंतर दाट मिश्रण भरून गोल टोकाच्या काडीने ट्यूबच्या दोन्ही अंगांना पाच-सहा मिलिमीटर त्रिज्येचा उतार काढावा आणि त्यावर काचकापडाची एक पट्टी ट्यूबवरून आडवी घेऊन दोन्ही बाजूंना हलवर बसवावी. मोठा जोड असेल तर दोन हात करावेत, कारण भांड्यात साचलेले इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि पातळ प्लास्टिकच्या हलला त्याची झळ लागते. ट्यूब लांब असल्यास तिच्या मधोमध प्लायवूडचा आधार द्यावा, नाहीतर जोरात फिरताना ती थरथरते आणि जोडाच्या कडेलाच चीर पडते.

दुसऱ्या दिवशी बाहेरची चिकटपट्टी काढून फुगवटा घासावा आणि दिसतील ती सुईच्या टोकाएवढी भोके भरावीत. इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट थर आलेला असल्यास तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन मगच पुढचा हात द्यावा. तो तसाच ठेवून घासला तर दुसरा हात नीट धरत नाही. ग्रीस भरायचे ते आता. कोरड्या ट्यूबमध्ये जोरात फिरणारा शाफ्ट तिला इतकी तापवतो की खोलीच्या तापमानाला वाळलेले साधे इपॉक्सी मऊ पडू शकते. त्यामुळे ट्यूबमधले ग्रीस पाणी अडवते तसेच जोडही वाचवते.

ट्रान्समवरचे बोल्ट

रडरचे ब्रॅकेट, शाफ्टचा स्ट्रट (त्याला हलबाहेर धरणारा आधार) आणि ट्रिम टॅब (बोटीचा कल साधणारी पट्टी) हे भाग धडकतात, वाकतात आणि बदलावे लागतात, म्हणून ते चिकटवू नयेत. ट्रान्समच्या, म्हणजे हलच्या मागच्या उभ्या बाजूच्या, आत ३ मिमी प्लायवूडची पाटी, बोल्टच्या बाहेर सगळीकडे किमान १० मिमी येईल एवढी कापून, दाट इपॉक्सीने बसवावी. बोल्टच्या भोकांतून पाणी प्लायवूडमध्ये मुरू नये यासाठी मोठ्या बोटींवर वापरतात ती युक्ती इथेही लागू पडते: एम ३ बोल्टसाठी आधी ६ मिमीचे भोक पाडावे, मागून चिकटपट्टी लावून ते दाट इपॉक्सीने भरावे आणि पूर्ण वाळल्यावर त्याच्या मधोमध ३ मिमीचे भोक पाडावे. बोल्ट मग लाकडाला स्पर्शच करत नाही.

ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला मेणाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्यावा आणि हलच्या बाजूला सिलिकॉनची पातळ रेघ प्रत्येक भोकाभोवती काढावी. नट बोटांनी फिरतील इतकेच आवळून ठेवावे, म्हणजे सिलिकॉन पूर्ण पिळून बाहेर जात नाही. एका दिवसाने त्याचे रबरी गॅसकेट तयार झाले की बोल्टचे डोके धरून ठेवावे आणि फक्त नट आणखी पाव फेरा आवळावा. डोके फिरवले तर त्याच्याभोवतीचे सील फाटते, आणि ते फाटल्याचे बाहेरून दिसत नाही. नट नायलॉन घातलेले लॉकनट असावेत. द्रव थ्रेडलॉकर (नट सैल होऊ न देणारा गोंद) एबीएसला लागल्यास त्यात ताणाच्या चिरा पडतात. खाऱ्या पाण्यात चालवायची बोट असेल तर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधून जाणाऱ्या स्टेनलेस बोल्टला नायलॉनचे वॉशर घालावे, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्ले जात नाही.

पुशरॉडसाठी रबरी बेलो (घडीदार नळी) वापरावा. त्याचे तोंड हलला आणि गळा पुशरॉडला बांधायचा असतो; तिथे ग्रीस पुरते, गोंद नको, कारण बेलो पुढे चिरतोच. झाकणाच्या कडेला पारदर्शक चिकटपट्टी लावतात ती दर वेळी नवीन घ्यावी.

गळती शोधणे

इलेक्ट्रॉनिक्स बाहेर काढून बॅटरी आणि मोटरइतके वजन हलमध्ये ठेवावे, प्रत्येक जोडाखाली कोरड्या टिश्यूचा तुकडा टाकावा आणि बोट टबमध्ये अर्धा तास तरंगत ठेवावी. ओला झालेला तुकडा जागा सांगतो. नुसत्या हलमधले पाणी बघून जागा कळत नाही, कारण ते वाहत जाऊन सर्वांत खोल भागी साचते. बारीक गळती असेल तर झाकण चिकटपट्टीने बंद करून, जोडांवर साबणाचे पाणी लावून, स्टफिंग ट्यूबमधून तोंडाने हलकेच फुंकावे. कॉम्प्रेसरची हवा मात्र देऊ नये, हलचा सांधाच उकलतो. उभ्या बोटीत पाणी येत नाही पण चालवल्यावर येते, अशा वेळी संशय हलवर न घेता थंड पाण्याच्या नळीवर घ्यावा. बाहेरच्या पाण्याच्या तोंडातून सिरिंजने जोराने पाणी ढकलावे आणि मोटरभोवतीच्या थंड पाण्याच्या जॅकेटवरच्या निपलपाशी पाहावे. पुष्कळदा तिथली नळी सैल असते आणि एका झिप टायने प्रश्न सुटतो.

जोडच गळत असेल तर त्यावर आतून आणखी एक थर चोपडून भागत नाही, कारण पाणी जुन्या थराखालूनच वाट काढत राहते. बोल्टचा भाग काढून, जुने सिलिकॉन ब्लेडने आणि बोटाने घासून पूर्ण निपटून, जागा वाळवून नवे सील द्यावे. इपॉक्सीने जोडलेली ट्यूब काढायचीच झाली तर तिच्या तोंडात गरम सोल्डरिंग आयर्नचे टोक धरावे. उष्णता पितळेतून पसरली की इपॉक्सी मऊ होते आणि ट्यूब फिरवत बाहेर ओढता येते. एबीएस हलमध्ये मात्र हे थांबत-थांबत, हलला हात लावून तापमान पाहतच करावे.