हिब्रू नाव फोडून अर्थ कसा काढायचा, बसालेल घेऊन दाखवते

बाळाच्या नावांच्या साइटवर कुठलंही हिब्रू नाव टाका, अर्थ 'शूर' नाहीतर 'तेजस्वी', ठरलेलं. त्यापेक्षा नाव स्वतः फोडून बघा, हिब्रू वाचता यायलाच पाहिजे असं नाही.

आधी माणूस शोधा. बसालेल मराठी बायबलमध्ये निर्गमच्या 31व्या अध्यायात भेटतो, ऊरीचा मुलगा, हूरचा नातू, सोनं-चांदी-तांबं-लाकूड सगळ्यात हात बसलेला कारागीर, रानात निवासमंडप, म्हणजे देवाच्या भक्तीचा तंबू, उभारायचं काम त्याच्याकडे होतं. अख्ख्या जुन्या करारात हे नाव अजून एकालाच आहे, एज्राच्या 10व्या अध्यायातल्या यादीत, बास.

मग उच्चार. मराठीत स, इंग्रजीत झेड, पण मूळ अक्षर त्स, म्हणजे बेत्सालेल. स्वर सोडून द्या, अक्षरं फक्त पाच: बेत, त्सादे, लामेद, आलेफ, लामेद.

आता मागून सोलायचं. शेवटचं एल म्हणजे देव, दानीएलमधलं तेच. उरलं ब-त्स-ल आणि इथेच गंमत आहे, कारण ह्याच तीन अक्षरांचा हिब्रूत कांदा होतो! बायबलमधल्या शब्दांना नंबर देणाऱ्या स्ट्राँगच्या 1890च्या शब्दसूचीत तर कांदा 1211 नंबरला आणि बसालेल 1212ला, अगदी खेटून. पण देवाचा कांदा नव्हे हो. सुरुवातीचा ब म्हणजे आपल्या 'घरात'मधला त, फक्त तिकडे तो शब्दाच्या आधी चिकटतो, आणि त्सेल म्हणजे सावली. झालं, 'देवाच्या सावलीत'.

एवढ्यावर थांबू नका, तो शब्द बाकी कुठे कसा वापरलाय तेही बघा, कारण आपल्याकडे कुणाची सावली पडणं वाईटही असतं. तिकडे उन्हाचा मुलूख, सावली म्हणजे आसरा. स्तोत्र 91 सुरूच तिथून होतं, आणि गणनाच्या 14व्या अध्यायात कनानी लोकांची सावली गेली म्हणजे त्यांना राखणारं कुणी उरलं नाही. शेजारच्या भाषांतही हेच, अश्शूरचा राजा सन्हेरीब ह्याच्या काळात गाझाच्या राजाचं नाव सिल्ली-बेल होतं, त्यात बेल देवाची सावली.

गोष्ट आणि व्युत्पत्ती मात्र वेगळी ठेवा. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात, मोशे आधी कोश (देवाच्या कराराची पेटी) आणि सामान बनव म्हणतो, बसालेल म्हणतो आधी घर मग सामान, तेव्हा मोशे चाट पडून विचारतो, देवाच्या सावलीत होतास की काय? भारी आहे, पण ही नंतर नावावर बेतलेली कथा.

आणि कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरातलं जुनं नाव शोधत असाल तर त्याला लगेच फोडायला घेऊ नका, आधी मराठी रूपावरून मूळ नाव गाठा. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल, आता हसाजीत एल कुठे सापडणार?