घरच्या ओव्हरलॉकला दोरा कुठला घ्यायचा
ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड कापून दोऱ्याने बांधणारं मशीन, नवीन घरी आलं की बहुतेक जणी शिलाईचीच छोटी रिळं लावतात, मीही तेच केलेलं, आणि एका कुर्त्याच्या कडा मारता मारता लूपरची (कडेभोवती दोरा गुंफणाऱ्या आकड्यांची) दोन रिळं संपली पण. लूपर सुईपेक्षा कितीतरी जास्त दोरा खातात, म्हणून सरळ कोनच (शंकूसारखी मोठी रिळं) घ्या, चार दोऱ्यांचं मशीन असेल तर चार.

दोरा स्पन पॉलिस्टरचा घ्या, नेहमीच्या शिलाईच्या दोऱ्यापेक्षा बारीक. कडेला तीन-चार दोरे एकावर एक बसतात ना, जाड घेतला तर शिवण कडक होते आणि इस्त्री फिरवली की वरून वळ दिसतो. साधा कॉटन शक्यतो नकोच, मशीन मिनिटाला हजारावर टाके मारतं, तो तुटत राहतो आणि सुरीपाशी नुसती लव साचते.

दुकानात हातभर दोरा ओढून उजेडात धरा, बारीक केस निघालेले दिसले किंवा बोटाला मध्येच जाडबारीक लागलं तर कितीही स्वस्त असू दे, ठेवून द्या. टेन्शन (दोऱ्याचा ताण) नीट लागत नाही ही तक्रार खूपदा मशीनची नसतेच, दोऱ्याची असते!

रंग फक्त डाव्या सुईचा मॅच करा, उलगडलेल्या शिवणीत तोच दिसतो, बाकी राखाडी किंवा क्रीम चालतो.

बाळाच्या झबल्यांना, लेगिंगला लूपरमध्ये वुली नायलॉन (फुगीर, ताणला जाणारा नायलॉनचा दोरा) लावा, मऊ असतो, टोचत नाही, पण कडक इस्त्रीने वितळतो हां.