डिस्प्ले नाही म्हणजे मदरबोर्ड गेला असं नाही

बंद पडलेला पीसी दुकानात नेला की "बोर्ड गेलाय" हे वाक्य लवकर कानावर येतं. पण मदरबोर्डवर, म्हणजे पीसीचे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डवर, संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. तो खराब आहे हे थेट दाखवता येत नाही, बाकीचं सगळं ठीक आहे हे सिद्ध करूनच तिथं पोचता येतं. त्यातलं बरंचसं तपासायला घरचा मल्टीमीटर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक खोडरबर पुरतो.

आधी तक्रार नीट ठरवा. पॉवरच घेत नाही, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, आणि चालू होऊन मध्येच बंद पडतो, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

पॉवरच घेत नसेल तर सुरुवात भिंतीपासून. यूपीएस बाजूला काढा आणि पीसी थेट सॉकेटला लावा. बॅटरी संपलेला यूपीएस हिरवा दिवा दाखवतो आणि लोड आला की झोपतो. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळेच. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याच्या फिल्टरमधले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) पत्र्याला जोडलेले असतात, अर्थ नसला की पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. इथे आधी वायरमन बोलवा, पीसीचं नंतर बघू.

भिंत ठीक असेल तर पुढचं बटण. मदरबोर्डवर पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर फक्त बटण खराब आहे. रीसेटच्या बटणाची वायर त्या पिनांवर लावा, काम भागतं.

तरीही शांत असेल तर एसएमपीएस. मागचा स्विच बंद करून सगळे कनेक्टर सुटे करा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि कुठलीही एक काळी वायर वाकवलेल्या यू-पिनने जोडा. लोड म्हणून एखादा कॅबिनेट फॅन लावा, काही एसएमपीएस लोडशिवाय चालू होत नाहीत. मग स्विच चालू करून काळ्या वायरच्या तुलनेत मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. जांभळ्या वायरवर पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, ते नसतील तर दोष एसएमपीएसमध्येच. आकडे बरोबर आले तरी तो पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण खरा लोड पडल्यावरच काहींचा १२ व्होल्ट कोसळतो. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने पिना जोडू नका, ओळखीच्यांचा चालू एसएमपीएस लावून बघा. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर चार्ज धरून असतो.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशी तक्रार पावसाळ्यात हमखास दिसते. जून ते सप्टेंबर हवेत ओल राहते आणि रॅमच्या (मेमरीच्या) स्टिकवरच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. प्लग काढून रॅम बाहेर घ्या, पट्ट्या खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा, चुरा ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ स्लॉटमध्ये जाते. एकच स्टिक दोन्ही कडांचा खटका ऐकू येईपर्यंत दाबून बसवा. तरीही काही नसेल तर रॅम पूर्ण काढून चालू करा. बोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल आणि बीप वाजले, तर प्रोसेसर आणि बोर्ड काम करताहेत. ही चाचणी फार मोलाची आहे. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच आहे ना, प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची केबल नीट बसलीय ना, हेही बघा. घड्याळ रोज मागे पडत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला.

दोन-तीन मिनिटांत बंद पडणारा पीसी बहुतेक तापतोय. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, तापमान बघा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरची चारांपैकी एक पिन सुटलेली असते. कूलर काढलाच तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा.

हार्ड डिस्क खटखटत असेल तर दुरुस्तीआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे घ्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये सी५ म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, ०५ म्हणजे बदललेले. हे आकडे वाढत असतील तर डिस्क चाललीय. फक्त सी७ वाढत असेल तर आधी डिस्क बोर्डला जोडणारी साटा केबल बदला.

२०१९ आणि २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि कॅबिनेट भिजलं, तर वरचं काहीही करू नका. प्लग लावायचा नाही, बोर्डवरचा सेल लगेच काढायचा, कारण ओलीत तो बोर्ड कुरतडत राहतो.

हे सगळं करून उत्तर मिळालं नाही तर बोर्डवर फुगलेले कपॅसिटर शोधा आणि मग दुकानात न्या. तिथं त्यांचा एसएमपीएस आणि त्यांची रॅम लावून तुमच्यासमोर चालू करायला सांगा.