‘लहरी’ हा शब्द नेमका कुठे वापरावा

‘लहरी’ म्हणजे चिडका, असे समजून हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि त्यात त्याची खरी छटा हरवते. संस्कृतातील ‘लहरि’ म्हणजे लाट. मराठीत ‘लहर’ या स्त्रीलिंगी नामाने तो अर्थ तर राखलाच, शिवाय मनात एकाएकी उठणारी आणि तशीच ओसरणारी ऊर्मीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. अशा ऊर्मींवर ज्याचे वागणे चालते, तो लहरी.

म्हणून हे विशेषण लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: बदल वारंवार होतो का, आणि त्याला बाहेरचे काही कारण दिसते का. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, नागपूरचा पारा पंचेचाळिशीपार गेलेला असताना, भरदुपारी वीज जाऊन कूलर बंद पडला आणि आजोबा करवादले, तर ते लहरी नव्हेत. फार तर तापट म्हणावेत. मात्र सकाळी स्वतःच सीताबर्डीला जायचे ठरवून, धोतर नेसून, चपला घालून झाल्यावर ‘आता नाही जात’ म्हणत ते झोपाळ्यावर बसले आणि असे आठवड्यातून दोनदा घडत असेल, तर शब्द अचूक बसतो.

काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार पावसाला लहरी म्हणतात, तेही असेच नेमके असते. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडून ताण दिलेला असतो. तो मोडायला पाऊस एकदा येतो आणि मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. केवळ कमी पडलेला पाऊस लहरी नसतो, तो अपुरा असतो.

जवळच्या शब्दांशीही ‘लहरी’ची गल्लत करू नये. चंचल माणसाचे मन कुठेच ठरत नाही. छांदिष्टाचे एका छंदात इतके ठरते की बाकीचे सुटते, आणि तऱ्हेवाईक माणूस विचित्र वागला तरी रोज तसाच वागू शकतो.

व्याकरण सोपे आहे. लहरी मुलगा, लहरी मुलगी, लहरी माणसे, असे विशेषणाचे रूप बदलत नाही, ‘लहरीपणा’ पुल्लिंगी. ‘त्यांच्या लहरी सांभाळाव्या लागतात’ यात मात्र ‘लहरी’ हे ‘लहर’चे अनेकवचन आहे. वडीलधाऱ्यांविषयी लिहिताना ‘ते लहरी आहेत’ यापेक्षा ‘त्यांचा स्वभाव जरा लहरी आहे’ हे मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात बोट माणसाकडे न जाता स्वभावाकडे जाते.